खोकला नाही, म्हणजे क्षय नाही?

म्हैसूरहून मेटगळ्ळीमार्गे कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांच्या नावाचे क्षयरोग रुग्णालय आहे. महाराज चौथे कृष्णराज वडेयर यांच्या या भगिनी क्षयानेच गेल्या. सॅनेटोरियमच्या त्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि रक्ताळलेली थुंकी यांवरून क्षय हा फुफ्फुसांचा रोग, असे चित्र म्हैसूरपासून मिरजेपर्यंत लोकांच्या मनात ठसले. ते खोटे नव्हते, अपुरे होते. आजही ‘खोकला नाही, मग टीबी कसला?’ असे ठामपणे सांगितले जाते आणि बऱ्या होणाऱ्या रोगाचे निदान लांबत राहते, याची चीड येते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. तो श्वासावाटे फुफ्फुसांत शिरतो, पण तिथेच थांबतो असे नाही. लसिकावाहिन्या आणि रक्त शरीरातल्या सगळ्याच संस्थांना जोडतात. त्यांतून तो मानेतल्या लसिकाग्रंथींत गेला की गंडमाळा होते, मणक्यात गेला की पाठ दुखते, कणा वाकतो, मज्जारज्जू दबून पाय लुळे पडू शकतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय जिवावर बेततो. मूत्रपिंडाच्या क्षयात लघवीत पूपेशी दिसतात, नेहमीच्या कल्चरमध्ये मात्र जंतू उगवत नाही. गर्भनलिकांच्या क्षयाचा पत्ता कधी कधी मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच लागतो. हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभर नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे १६ टक्क्यांचा क्षय फुफ्फुसांबाहेरचा होता.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, मग?’ थुंकी फुफ्फुसांतून येते. मानेतल्या गाठीतला किंवा मणक्यातला जंतू तिच्यात शोधून सापडणार कसा? गाठीतले पाणी सुईने काढावे लागते, तुकडा तपासावा लागतो, मणक्यासाठी एमआरआय लागतो. दुसरा आक्षेप संसर्गाचा. रोग फक्त गाठीत किंवा हाडात असेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. तरीही अशा रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवतात. ताटवाटीतून तर फुफ्फुसांचा क्षयही पसरत नाही.

क्षय आनुवंशिक नाही. बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, आयुष्यभराचे कवच देत नाही. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या थांबवणे धोक्याचे. उपचार बहुधा सहा महिने, मेंदू आणि हाडांच्या क्षयात त्याहून अधिक चालतात. सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. मानेतली गाठ दोन आठवड्यांनंतरही उतरत नसेल, किंवा पाठदुखीबरोबर बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर खोकल्याची वाट पाहू नका. ‘हा क्षय असू शकेल का?’ असे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.