पर्जन्यछायेतल्या गोधड्या

जुलै महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या सिस्टर्स या गावात भल्या सकाळी शिड्या लागतात. अग्निशमन दलाचे जवान आणि गावकरी शिड्यांवर चढून दुकानांच्या नि खानावळींच्या दर्शनी भिंतींवर क्विल्ट टांगू लागतात. क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी. वर कापडाच्या तुकड्यांचे जोडकाम, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर आणि तिन्ही थर एकत्र धरून ठेवणारी शिवण. नऊच्या सुमाराला शेकडो क्विल्ट उन्हात झळकत असतात. दुपारी चारला त्या उतरवून, घड्या घालून ज्याच्या त्याच्याकडे परत जातात. सगळा सोहळा एका दिवसाचा, तोही मोफत.

याची सुरुवात १९७५ साली झाली. जीन वेल्स या बाईंनी गावात ‘स्टिचिन पोस्ट’ नावाचे कापडाचे दुकान काढले आणि आई-आजीच्या हातच्या डझनभर क्विल्ट दुकानाबाहेर मांडल्या. २०२५ साली या उपक्रमाने पन्नाशी गाठली. आज उघड्यावर भरणाऱ्या क्विल्ट-प्रदर्शनांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

पोर्टलँड, बीव्हरटन, हिल्सबरो या भागात मराठी कुटुंबे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे पुण्या-मुंबईहून आई-बाबा, सासू-सासरे येतात. त्यांतल्या कित्येक जणींनी आयुष्यात कधी ना कधी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलेली असते. त्यांच्यासाठी आणि सुईदोऱ्यावर प्रेम असलेल्या सगळ्यांसाठी सिस्टर्सची मोटारीने केलेली चार-पाच दिवसांची सहल मला फार मोलाची वाटते. मात्र ती नीट आखावी लागते. दुकानांची यादी काढून त्यांना जोडणारी रेघ नकाशावर मारली, म्हणजे आखणी झाली, असे इथे होत नाही. वाटेत कॅस्केड पर्वतरांग आहे, आणि या सहलीचे वेळापत्रक डोंगराच्या हातात आहे.

डोंगर अडवतो, डोंगरच देतो

एवढ्या मेहनतीच्या क्विल्ट दिवसभर उघड्या आभाळाखाली टांगण्याची हिंमत या गावाला कशी होते? उत्तर भूगोलात आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे आधी किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर आणि मग कॅस्केडच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. किनाऱ्याजवळच्या टिलामुकला वर्षाला सुमारे ९० इंच पाऊस पडतो, मधल्या खोऱ्यातल्या कॉर्व्हॅलिसला चाळीस इंचांच्या थोडा वर, आणि डोंगरापलीकडच्या सिस्टर्सला जेमतेम १४ इंच. महाबळेश्वरचा धो धो पाऊस वाईला येईपर्यंत ओसरतो आणि माणदेशात पोचेपर्यंत आटतो, तोच हा पर्जन्यछायेचा खेळ. फरक एवढाच की तिकडचा पावसाळा हिवाळ्यात असतो. जुलैत समुद्रावरच्या जास्त दाबाच्या पट्ट्यामुळे वादळे उत्तरेकडे वळतात आणि किनाराही बऱ्यापैकी कोरडा राहतो. म्हणजे ज्या भिंतीमुळे रस्ता अवघड होतो, तिच्यामुळेच ही जत्रा उघड्यावर भरू शकते.

गावाचे नावही या डोंगरांवरून पडले आहे. नैर्ऋत्येला ‘थ्री सिस्टर्स’ ही ज्वालामुखींची तीन शिखरे दिसतात. तिन्ही दहा हजार फुटांहून उंच, आणि साउथ सिस्टर त्यांत सर्वांत उंच, १०,३५८ फूट.

आधी खिंड, मग दुकान

आखणीचा पहिला नियम असा : डोंगर कोणत्या दिवशी, किती वाजता ओलांडायचा ते आधी ठरवा आणि दुकाने त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवा.

सिस्टर्सला पश्चिमेकडून दोन खिंडींतून जाता येते. सँटियाम खिंड ४,८१७ फुटांवर आहे आणि तिथला रस्ता बर्फ उपसून वर्षभर चालू ठेवतात. मकेन्झी खिंड ५,३२५ फुटांवर आहे. तिचा २४२ क्रमांकाचा रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा असून ३५ फुटांपेक्षा लांब वाहनांना तिथे मनाई आहे. साधारण नोव्हेंबरपासून जूनच्या तिसऱ्या सोमवारापर्यंत तो बंद असतो. जुलैत दोन्ही वाटा मिळण्याची शक्यता सर्वांत चांगली, म्हणून जायचे सँटियामने आणि परतायचे मकेन्झीने. निघायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी राज्याच्या वाहतूक खात्याचे ‘ट्रिपचेक’ हे संकेतस्थळ पाहावे. खिंडीवरच्या कॅमेऱ्यांची ताजी चित्रे, दुरुस्तीची कामे, वणव्यामुळे बंद झालेले रस्ते हे सगळे तिथे कळते.

माझ्या मते सर्वांत सुंदर वाट किनाऱ्यावरून जाते. पहिल्या दिवशी पोर्टलँडहून टिलामुक गाठावे. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत ‘लॅटिमर क्विल्ट अँड टेक्स्टाइल सेंटर’ आहे. जुन्या क्विल्ट आणि विणकाम निवांतपणे पाहण्याची ही जागा. आसपासच्या कुरणांतून हिंडताना गोठ्यांच्या भिंतींवर लाकडी फळ्यांवर रंगवलेले मोठाले क्विल्टचे नमुने दिसतात. गोठ्यांवर असे नमुने लावण्याची ही चळवळ २००१ साली ओहायो राज्यातल्या ॲडम्स काउंटीत डॉना सू ग्रोव्ह्ज यांनी आपल्या क्विल्ट शिवणाऱ्या आईच्या सन्मानासाठी सुरू केली, आणि पुढे ती देशभर पसरली.

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या कडेने न्यूपोर्टला उतरावे आणि तिथून यूएस-२० हा रस्ता धरावा. तो न्यूपोर्टहून निघून थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या बॉस्टनला जातो. ३,३६५ मैलांचा हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. आपल्याला त्याचा पहिला तुकडाच हवा आहे. कॉर्व्हॅलिस किंवा ऑल्बनीला मुक्काम करावा. याच परिसरात दुसऱ्या दिवशी दुपारी कापडाची दुकाने पाहता येतात.

डोंगर ओलांडायचा तो शुक्रवारी सकाळी. वाटेतल्या स्वीट होम या गावी पेट्रोलची टाकी भरून घ्यावी, कारण पुढे सिस्टर्सपर्यंत जंगल आहे आणि मोबाइलची रेंजही अधूनमधून जाते. २०२३ पर्यंत ऑरेगनमध्ये बहुतेक ठिकाणी स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी होती. आता स्वतः भरण्याची आणि कर्मचाऱ्याकडून भरून घेण्याची, अशा दोन्ही सोयी आहेत. वाटेत टूमस्टोन खिंडीजवळ जुलैत रानफुलांचे गालिचे असतात, तिथे पाय मोकळे करावेत. सँटियामच्या माथ्यावर २००३ च्या वणव्यात होरपळलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे अजून उभे आहेत. माथा ओलांडला की काही मैलांत झाडे बदलतात. शेवाळलेले, दाट डग्लस फर मागे पडतात आणि तांबूस सालीचे, विरळ उभे पाँडेरोसा पाइन सुरू होतात. पावसाची ही सीमारेषा गाडीच्या काचेतून इतकी ठळक दिसणे हे या प्रवासाचे खास देणे आहे.

एका दिवसात तीन ऋतू

कपड्यांची बॅग भरताना ‘उन्हाळा आहे’ एवढ्यावर विसंबू नये. जुलैतही किनाऱ्यावर धुके आणि १७-१८ अंश सेल्सियसचा गारवा असतो. खोऱ्यात तिशी गाठते, उष्णतेची लाट आली तर चाळिशीच्या जवळ जाते. सिस्टर्सला दिवसा ऊन चटका देते, पण गाव ३,१८२ फुटांवर आणि हवा कोरडी असल्याने सूर्य मावळला की तापमान झपाट्याने उतरते. पहाटे स्वेटर लागतोच. दर हजार फूट चढाईला साधारण दोन अंश गारवा वाढतो, हा हिशेब डोक्यात ठेवावा. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पाणी, टोपी आणि शाल या तीन गोष्टी हाताशी असाव्यात, डिकीत नकोत.

डोंगराच्या पूर्वेला जुलै-ऑगस्टच्या दुपारी वळवासारखे ढग उभे राहतात. कधी पाऊस वाटेतच वाळून जातो आणि नुसती वीज पडते. वणवे पेटायला ती पुरेशी होते. म्हणून खिंडीतले चालणे, पाहणे दुपारच्या आत उरकावे. धुराचा अंदाज ‘एअरनाऊ’च्या नकाशावर रोज पाहावा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी हवा बिघडल्याचे दिसताच बेत बदलावा. एखादा वणवा लागला तर एक खिंड बंद होऊ शकते, तेव्हा पर्यायी वाट आधीच ठरलेली असावी. सिस्टर्सजवळच्या बेंड या शहराहून उत्तरेला जाऊन माउंट हूडच्या बाजूने पोर्टलँडला परतता येते. विमानाची तारीख सहलीच्या शेवटच्या दिवसाला चिकटवू नये, मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.

दुकानात काय पाहावे, किती घ्यावे

अमेरिकेतली क्विल्टची दुकाने बहुधा एखाद-दोन बायकांनी जिव्हाळ्याने चालवलेली असतात. वेळ साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि रविवारी कित्येक बंद. निघण्यापूर्वी फोन करावा.

कापड यार्डावर मिळते. ३६ इंच लांबी, ४२ ते ४४ इंच पन्हा. ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे पाव यार्डच, पण लांब पट्टी न कापता सुमारे १८ बाय २१ इंचांचा ऐसपैस तुकडा. त्यातून मोठे आकार कापता येतात. पाच इंची चौकोनांचा गठ्ठा म्हणजे ‘चार्म पॅक’, अडीच इंच रुंद पट्ट्यांची गुंडाळी म्हणजे ‘जेली रोल’. दुकानात हे शब्द कानावर पडणारच.

चांगल्या क्विल्टिंगच्या सुती कापडाचा एक यार्ड सुमारे दीडशे ग्रॅम भरतो. दहा यार्ड म्हणजे दीड किलो. परतीच्या बॅगेत २३ किलोंची मर्यादा असताना हा हिशेब उपयोगी पडतो. मधला कापसाचा थर मात्र वजनाने हलका, पण जागा खाणारा. तो तिकडून आणू नये. मोठ्या क्विल्टच्या अस्तरासाठी १०८ इंच पन्ह्याचे कापड मिळते. त्याने मधला जोड वाचतो. काठासाठी लागणारे कापड एकाच ताग्यातून, थोडे जास्तच घ्यावे. पुढच्या खेपेला रंगाची छटा बदललेली असते, आणि राहिलेल्या अर्ध्या यार्डासाठी कुणी पुन्हा खिंड ओलांडत नाही. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे लेबलावरची किंमत तीच बिलावर.

घेतलेले कापड गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नये, उन्हाने रंग उडतो. बंद पिशवीत घालून डिकीत ठेवावे, म्हणजे धुराचा वासही लागत नाही.

प्रदर्शनाचा दिवस आणि परतीचा घाट

शनिवारी लवकर पोचावे. गावात खोली मिळणे कठीण, म्हणून वीस-बावीस मैलांवरच्या रेडमंड किंवा बेंडला राहावे. दिवाळी अंक हाती असतानाच पुढच्या जुलैची खोली राखून ठेवणे उत्तम. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात शिकवणीचे वर्गही असतात. क्विल्टला हात लावायचा नसतो. मागची शिवण पाहायची असेल तर स्वयंसेवकांना विचारावे. टाका पाहावा, काठ कसा बांधला आहे ते पाहावे, आणि शिवणारी जवळ असेल तर तिच्याशी बोलावे. एखादीने हातानेच धावदोरा घातला असेल तर आपल्या आईला भाषेची अडचण उरत नाही.

रविवारी सकाळी मकेन्झी खिंडीतून परतावे. माथ्यावर दूरवर काळ्या लाव्हाचे रान पसरले आहे. त्यातल्याच दगडांतून १९३५ साली ‘डी राइट’ वेधशाळा बांधली गेली. तिच्या खिडक्यांतून एकेक शिखर नेमके दिसते. पुढे सहाली धबधबा आणि लाव्हाने पाणी अडून तयार झालेले नितळ ‘क्लिअर लेक’ पाहून पुन्हा यूएस-२० ला लागता येते.

या सगळ्या आखणीत मी एक गोष्ट आवर्जून घालेन. आपली एक गोधडी बरोबर न्यावी. तिकडच्या क्विल्ट-मंडळांत एकमेकींचे काम दाखवण्याची जुनी प्रथा आहे, आणि दुकानाच्या टेबलावर गोधडी उलगडली की माणसे आपणहून भोवती जमतात. नऊवारीचे काठ, धोतराचे अस्तर, कडेपासून मध्याकडे आत आत सरकत जाणारा धावदोरा, यात दाखवण्या-सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे ती पलंगाखालच्या ट्रंकेत पडून राहते. तिकडे अशाच घरगुती कामाला एक अख्खे गाव आपल्या भिंती देते. सिस्टर्सच्या प्रदर्शनात भाग घ्यायचा असेल तर काही महिने आधी नोंदणी करावी लागते. आपल्याकडच्या एखाद्या गावाने कोरड्या हवेतला एक दिवस निवडून वेशीपासून देवळापर्यंत गोधड्या टांगाव्यात, हेही अवघड नाही. माणदेशात तसे दिवस भरपूर मिळतात, आणि शिवणारे हातही.