संचार-नकाशे, वैयक्तिक संकेतस्थळांचे

एखाद्या व्यक्तीने आपले लेखन, चित्रे, छंद वा व्यवसाय यांची माहिती देण्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळावर विषयसूचीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी दिलेला, खेळाप्रमाणे फिरता येईल असा नकाशा. त्यावर रस्ते, घरे, झाडे, पाणी दाखविलेले असते. वाचक कळफलकाच्या अथवा स्पर्शाच्या साहाय्याने एक लहान पात्र चालवितो आणि ते एखाद्या दारापाशी पोहोचले की, त्या दाराशी जोडलेला लेख किंवा चित्र उघडते.

इतिहास : संगणकातील माहितीत ‘फिरण्या’ची कल्पना संकेतस्थळांहून जुनी आहे. विल क्राउदर यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅमथ गुहांवर आधारलेला, केवळ शब्दांतून संचार घडविणारा खेळ रचला; डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये तो वाढविला. वाट चुकू नये म्हणून खेळणारे स्वतःच कागदावर त्याचे नकाशे काढीत. वैयक्तिक पृष्ठांना वसाहतीचे रूप दिले ते जिओसिटीज या सेवेने. डेव्हिड बोनेट व जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये स्थापिलेल्या या सेवेत पुढे पृष्ठांची विषयवार वस्त्यांत विभागणी झाली. उदा., चित्रपटप्रेमींसाठी ‘हॉलीवुड’, तर संगणकाची आवड असणाऱ्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’. प्रत्येक पृष्ठाच्या पत्त्यात वस्तीचे नाव व घरक्रमांक असे. त्यामुळे शेजारच्या क्रमांकावर कोण राहते, हे पाहत हिंडता येई. याहू कंपनीने १९९९ मध्ये ही सेवा विकत घेतली व २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद केली.

रचना : साध्या नकाशाचा पाया म्हणजे चौकटींचे जाळे होय. प्रत्येक चौकटीला एक अंक दिलेला असतो. समजा, ० म्हणजे गवत, १ म्हणजे वाट आणि २ म्हणजे भिंत. पात्र पुढे सरकण्यापूर्वी संगणक पुढच्या चौकटीचा अंक तपासतो. तेथे भिंत असल्यास त्याला थांबवितो. कोणत्या दारामागे कोणते पृष्ठ आहे, याचे कोष्टक वेगळे ठेवतात. २००४ मध्ये ॲपल कंपनीने आणलेल्या ‘कॅनव्हास’ या घटकामुळे न्याहाळकात थेट चित्र रेखाटणे सुलभ झाले, तर २०११ मध्ये प्रसृत झालेल्या ‘वेबजीएल’मुळे त्रिमितीय दृश्ये शक्य झाली. फ्रेंच तंत्रज्ञ ब्रूनो सिमाँ यांच्या २०१९ मधील संकेतस्थळात वाचक एक छोटी मोटार चालवीत त्यांच्या कामांपर्यंत पोहोचतो.

उपयोग व मर्यादा : यादीत सर्व नोंदी सारख्याच दिसतात, नकाशात मात्र जवळीक, अंतर आणि आडवाट यांनाही अर्थ येतो. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये दाखविले की, माणसे शहराची मानसिक प्रतिमा मार्ग, कडा, विभाग, नाके व ठळक खुणा यांच्या आधारे बनवितात. हीच अंगे नकाशात नीट योजल्यास वाचकाला आपण कोठे आहोत हे कळते आणि तो ठिकाण लक्षात ठेवू शकतो. परस्परसंबंध नसलेली पृष्ठे केवळ शोभेसाठी विखुरल्यास मात्र चालण्याचे श्रम तेवढे वाढतात.

याहून गंभीर प्रश्न प्रवेशाचा व टिकाऊपणाचा आहे. चित्र म्हणून रेखाटलेला मजकूर अंधांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनांना आपोआप वाचता येत नाही. फ्लॅश या तंत्राला असलेला आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तेव्हा केवळ त्यावर उभी असलेली संकेतस्थळे नेहमीच्या न्याहाळकांत उघडेनाशी झाली. दार बंद झाले आणि त्याबरोबर आतील लेखनही दुरावले. म्हणून प्रत्येक लेखाला साध्या पृष्ठाचे रूप व स्वतंत्र पत्ता देणे, तसेच नकाशाशेजारी सरळ यादी ठेवणे आवश्यक ठरते. नकाशा हा घरात शिरण्याचा रमणीय मार्ग असावा, एकमेव मार्ग असू नये.