गुडघ्याभोवती फिरणारं गार पाणी

पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशाचा, २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळा झालेला. पण पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला मोठं ऑपरेशन म्हटलं की नागपूरच आठवतं. गुडघा बदलायचा असो की तुटलेली लिगामेंट जोडायची असो, गाडी तिकडेच निघते. दवाखान्यातून सुट्टी लवकर मिळते आणि सूज उतरवायचं काम घरच्यांच्या हाती येतं. त्यासाठीच बर्फ-पाण्याचं एक यंत्र मिळतं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

रचना अगदी साधी. बर्फ आणि पाणी भरलेला डबा, त्यात लहानसा पंप, दोन नळ्या आणि गुडघ्याला गुंडाळायचा पोकळ पट्टा. पंप गार पाणी पट्ट्यात ढकलतो, ते गुडघ्याची उष्णता घेऊन डब्यात परत येतं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, वेदना वाहणाऱ्या नसा मंदावतात. पट्ट्याच्या दाबाने ऊतींमध्ये पाणी साचायला जागा कमी मिळते. महागड्या यंत्रांत हवा भरून-सोडून हा दाब कमी-जास्त करता येतो. सगळी ताकद मात्र बर्फाची. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो; शून्य अंशाचं तेवढंच पाणी दहा अंशांपर्यंत जाताना फक्त १०. बर्फ संपला की पंप नुसता घुमत राहतो. इथल्या मे महिन्यात तर तो भराभर संपतो, म्हणून सुटे खडे टाकण्यापेक्षा पाण्याच्या लहान बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून डब्यात उभ्या कराव्यात. त्या सावकाश वितळतात.

वीज जाते अशा गावासाठी मला पंपाविना चालणारा प्रकार अधिक पटतो. एअरकास्ट कंपनीचा क्रायो-कफ त्यातला जुना आणि प्रसिद्ध. डबा गुडघ्यापेक्षा वर धरला की पाणी आपसूक पट्ट्यात उतरतं, आणि दाबही त्या उंचीनेच ठरतो: एक फूट उंचीला सुमारे २२ मिलिमीटर पारा. पाणी कोमट झालं की डबा खाली ठेवायचा, ते परत येतं, बर्फात मिसळलं की पुन्हा वर. गरज काही आठवड्यांचीच असते, तेव्हा कोणताही प्रकार विकत घेण्याआधी सर्जिकल सामानाच्या दुकानात भाड्याची चौकशी करावी.

फायदा किती? गुडघा बदलल्यानंतरच्या थंड उपचारावरच्या चाचण्या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन समूहाने २०१२ साली एकत्र तपासल्या. रक्तस्राव, दुखणं आणि गुडघा वाकणं यांत लाभ दिसला, पण थोडा, आणि पुरावाही कच्चा. साध्या बर्फाच्या पिशवीने बरंच काम होतं, हे कर्ज काढून यंत्र घेणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

लावताना कातडी आणि पट्टा यांच्यामध्ये सुती कापड हवंच. पट्ट्याला बाहेरून दव धरतं, त्याने टाक्यांवरची पट्टी ओली होऊ देऊ नये. किती मिनिटं, दिवसातून कितीदा, हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्यावं. लावून झोपी जाऊ नये. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्या माणसाला, किंवा भूल पूर्ण उतरली नसेल त्याला, गारव्याने कातडी जळतेय हे कळतच नाही. तिथे घरच्यांनी पट्टा सोडून कातडीचा रंग पाहत राहायचा. तो पांढरट किंवा निळसर दिसला की पट्टा ताबडतोब काढायचा.

या मुलुखात याहून मोठा प्रश्न सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली, आणि आजही विदर्भापासून सातपुड्यापर्यंत आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत हा आजार पिढ्यानुपिढ्या उतरतो आहे. थंडीने वाहिन्या आकसल्या, रक्त रेंगाळलं, त्यातला प्राणवायू घटला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाट अडवतात. निरोग्याची सूज उतरवणारा तोच गारवा इथे वेदनेचा झटका आणू शकतो. त्यात या आजारात रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा झिजतो, म्हणून तरुणपणीच खुब्याचं ऑपरेशन करावं लागणाऱ्यांत सिकलचे रुग्ण असतात. बर्फाचा डबा नेमका त्यांच्याच खाटेशी येऊ शकतो.

१ जुलै २०२३ ला याच राज्यातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यातली तपासणी शून्य ते चाळीस वयाच्या लोकांसाठी आखली आहे. गुडघा बदलायला निघालेली साठीची आजी त्यात येत नाही. तिच्या नातवाची तपासणी झालेली असू शकते, तिची नाही. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या रक्ततपासण्या लिहिल्या जातात तेव्हाच डॉक्टरांना सिकलिंगची तपासणीही लिहायला सांगावी. ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी करून माणूस वाहक आहे की रुग्ण, ते ठरवून घ्यावं. वाहक असेल तर निर्णय सर्जनचा. रुग्ण असेल तर बर्फ नाही: पाय उंच, औषधं आणि सांगितलेला व्यायाम यांवरच सूज उतरवायची, आणि दाबाचा पट्टा बांधायचा की नाही तेही सर्जनलाच विचारायचं.