मोबाइल म्हणजे निव्वळ ‘माल’ आहे काय?

चंडीगडच्या विमानतळावरून २०१६ मध्ये आखाती देशांची थेट उड्डाणे सुरू झाली आणि समुद्रापासून दूर असलेल्या या शहराच्या दारात देशाची सीमा येऊन उभी राहिली. आखातातून परतणारा कामगार असो वा मुलांना भेटून येणारे आईवडील, सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे बॅग उघडताना कोणी कुरकुर करीत नाही. परंतु अधिकाऱ्याने ‘मोबाइल उघडून दाखवा’ असे फर्मावले, तर प्रवाशाला नकार देता येतो काय? कायद्यात याचे स्पष्ट उत्तर नाही, आणि माझ्या मते खरा धोका या मौनातच आहे.

आपला सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याच्या व्याख्येनुसार प्रवाशाचे सामान, चलन आणि कोणतीही जंगम वस्तू म्हणजे ‘माल’. अंगझडती घ्यायची, तर प्रवाशाने जप्तीयोग्य माल किंवा त्यासंबंधीचे दस्तऐवज अंगावर लपवले आहेत, असे मानण्यास अधिकाऱ्यापाशी कारण असावे लागते. प्रवाशाने मागणी केल्यास त्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. झडतीला साक्षीदार लागतात. स्त्रीची झडती स्त्रीच घेऊ शकते. सोन्याची तस्करी डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या त्या काळानेही माणसाच्या देहाची एवढी बूज राखली. मोबाइलमधील मजकुरासाठी मात्र या कायद्यात असे स्वतंत्र संरक्षण नाही. वस्तुतः त्यात केवळ प्रवाशाचेच नव्हे, तर त्याच्याशी विश्वासाने बोललेल्या प्रत्येकाचे खासगी आयुष्य साठलेले असते. वकिलाच्या मोबाइलमध्ये अशिलाची, डॉक्टरच्या मोबाइलमध्ये रुग्णाची गुपिते असतात.

पंजाबातील असंख्य कुटुंबांचे दुसरे घर असलेल्या कॅनडात हाच पेच न्यायालयात गेला. तेथील सीमाशुल्क कायद्यातही दस्तऐवज ‘माला’तच मोडत. सीमेवर खासगीपणाची अपेक्षा कमी असते, हे मान्य करूनही अल्बर्टाच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये निर्णय दिला की, वैयक्तिक उपकरणांच्या अमर्याद तपासणीस मुभा देणारी ही तरतूद घटनाबाह्य आहे.

तस्करांचे व्यवहार आज मोबाइलवरूनच चालतात, हे मला अमान्य नाही. अधिकाऱ्यांचे हात बांधावेत, असेही मी म्हणत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा, तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, अशी कसोटीही त्या निकालातून मिळाली. २०२५ च्या आयकर कायद्याने झडतीच्या वेळी डिजिटल कुलूप ओलांडण्याचा अधिकार निदान शब्दांत लिहून दिला आहे. त्याच्या व्याप्तीवर वाद घालता येतो. अलिखित अधिकाराला आव्हान तरी कसे द्यावे?

म्हणून संसदेने सीमाशुल्क कायद्यातच मोबाइलच्या तपासणीची पद्धत घालून द्यावी. संशयाचे कारण लेखी असावे, वरिष्ठांची पूर्वसंमती असावी, शोध त्या संशयापुरताच मर्यादित राहावा, उपकरण परत करण्यास मुदत असावी आणि अनावश्यक प्रती नष्ट व्हाव्यात. प्रवाशाच्या खिशाला जे संरक्षण १९६२ मध्ये मिळाले, ते त्याच खिशातील मोबाइलला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.