ओट्याला धरून तोलाचा सराव

पायजम्यात पाय घालताना कपाटाला हात टेकावा लागतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं की बहुतेक जण गुडघ्याला बोल लावतात. 'संधिवात आहे, आता जपून राहा,' असं घरचेही बजावतात. आणि जपणं म्हणजे बसून राहणं, हा आपल्याकडचा सरळ अर्थ.

'वापरला की झिजतो' हा हिशेब बेअरिंगला ठीक, गुडघ्याला नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिचं पोषण होतं, आणि तो द्रव आत-बाहेर खेळायला सांधा दाबला जाऊन पुन्हा मोकळा व्हावा लागतो, स्पंज पिळून सोडावा तसा. बसून राहणारा गुडघा जपला जात नाही, उपाशी राहतो.

'वय झालं, तोल जाणारच' हे अर्धसत्य आहे. मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, कानाचा आतला भाग, आणि पाऊल-घोटा-गुडघ्यातले स्नायू व सांधे. संधिवातात ही तिसरी खबर अंधुक होते. शिवाय दुखऱ्या गुडघ्यापायी मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण ताकदीनं आवळतच नाही. रात्री दिवा न लावता मोरीकडे निघालात की डोळेही कामातून गेले; मग उंबरठाही पुरतो. पण पायांची ताकद आणि तोल सरावानं सुधारतात. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या ५९ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं २०१९ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. हे सगळे संधिवाताचे रुग्ण नव्हते. तरी आकडा दुर्लक्षावा असा नाही.

'मी रोज चालतो की!' चाला, जरूर चाला. पण सपाट रस्त्यावरच्या सवयीच्या चालीत तोलाची फारशी परीक्षा होत नाही. तोल सुधारायचा तर त्याला थोडं डगमगू द्यावं लागतं, आधार हाताशी ठेवून. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ताय ची या संथ चिनी व्यायामाची ठाम शिफारस केली आहे. योगासनांचीही केली, पण गुडघ्यापुरती आणि जरा हातचं राखून. आपल्याला टोचेल, पण आहे हे असं आहे.

ताय चीचा वर्ग तालुक्याला कुठे शोधणार? स्वयंपाकघरातला ओटा आहेच, आणि तो प्लॅस्टिकच्या खुर्चीसारखा सरकत नाही. शेगडीपासून लांबच्या बाजूला उभे राहा. दोन्ही तळवे टेकून टाचा सावकाश उचला, सावकाश खाली आणा, आठ-दहा वेळा. मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, एका रेषेत, दहा सेकंद. ते जमलं की एका पायावर. हाताचा आधारही हळूहळू उतरवायचा: दोन तळवे, एक तळवा, दोन बोटं. शेवटी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मांडीला याच्यासारखं काम नाही.

'दुखलं की थांबायचं' हेही पूर्ण खरं नाही. थोडी ठसठस चालते. व्यायामानंतर दोन तास उलटूनही दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर उद्या निम्मं करा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा मात्र हा सराव नको. चक्कर येत असेल, पावलं बधिर वाटत असतील किंवा अलीकडे पडला असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

राहिली काठी. तिची लाज वाटते म्हणून पुष्कळ जण ती दाराआड ठेवतात, आणि घेतली तर दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि उजव्या पावलाबरोबर पुढे पडायला हवी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ते आधी बदला. ओल्या फरशीवर तशी काठी पायाआधी घसरते.