डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

‘डेम्लो संख्या’ हे नाव ऐकलं की कुणा परदेशी गणितज्ञाचं असावं असं वाटतं. खरं तर डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना या संख्यांची कल्पना त्या स्टेशनवर सुचली आणि स्टेशनचं तेव्हाचं नाव त्यांनी संख्यांना दिलं. हे डोंबिवलीच्या पाटीशेजारी लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

उलटसुलट सारखी वाचता येते ती डेम्लो, असंही सांगितलं जातं. पण २५५३ डेम्लो आहे आणि ती उलटी वाचली की ३५५२ होते. कसोटी आहे ती बेरजेची : दोन टोकांच्या तुकड्यांची बेरीज केली की मधलाच अंक, एकदा किंवा ओळीने अनेकदा, मिळायला हवा. इथे २ आणि ३ मिळून ५. वरच्या सतरा अंकी संख्येत डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा. ९९९९९९९९ येतात, आणि मधोमध ९ उभा आहेच.

ही संख्या म्हणजे नऊ एक्यांचा, १११११११११ चा वर्ग. अनेकांना हा नऊ या अंकाचा चमत्कार वाटतो. वहीत गुणाकार मांडून बघा. एक्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एका, दुसऱ्यात दोन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ, मग पुन्हा उतार. एकाही रकान्यात हातचा येत नाही, म्हणून चढउतार जसाच्या तसा उत्तरात उमटतो. दहा एके घेतले की मधली बेरीज १० होते, हातचा सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढावरचा ८ गायब! आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून मर्यादा नऊ. सोळाच्या पटीत मोजलं तर हीच रांग पंधरा एक्यांपर्यंत चालते.

एवढी मोठी संख्या मूळ संख्या असेल, हाही अंदाज चुकतो. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊने भाग जातोच. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; वर्गात हे सगळे दोनदा येतात. एकूण विभाजक ४५. उलट, नुसत्या एक्यांच्या संख्येला नेहमीच भाग जातो असंही नाही : ११ मूळ आहे, आणि त्यानंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एक्यांची.

संगणक तरी अचूक दाखवेल? एक्सेलच्या चौकटीत ही संख्या टाईप करा, शेवटच्या ३२१ च्या जागी ३०० साठवले जातील, कारण तिथे पंधराच अंक धरले जातात. वहीतल्या गुणाकारात मात्र एकक स्थानी १ गुणिले १ आहे.