नोकरी शोधणाऱ्याचा ऑनलाइन परिचय

गोवा मुक्तीनंतर वाढलेल्या दोन पिढ्यांना रोजगार विनिमय केंद्राचे नोंदणीपत्र चांगलेच परिचयाचे आहे. नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख एवढाच मजकूर त्यावर असे. ते पत्र कपाटात जपून ठेवायचे आणि मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहायची, असा शिरस्ता होता. ठराविक आस्थापनांनी आपल्याकडील रिक्त जागा केंद्राला कळवाव्यात, असे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले होते. परंतु केंद्राने सुचविलेल्या उमेदवारालाच घ्यावे, असे बंधन त्यात नव्हते. उमेदवाराच्या अंगी काय कसब आहे, हे सांगण्यास त्या पत्रावर जागाही नव्हती.

ही जागा आता उपलब्ध झाली आहे. केंद्र शासनाच्या श्रम व रोजगार मंत्रालयाने २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. तीवर उमेदवारास विनामूल्य नोंदणी करता येते. खाजगी क्षेत्रात नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आणि लिंक्डइन २००३ पासून कार्यरत आहेत. लिंक्डइनने २०२१ च्या डिसेंबरात हिंदी भाषा आणि २०२४ साली मराठी भाषाही उपलब्ध करून दिली. या सर्व ठिकाणी उमेदवार आपला परिचय लिहून ठेवतो आणि माणसांच्या शोधात असलेली आस्थापना तो वाचते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा व्यवस्थापक पडद्यावर ‘जड वाहन’, ‘हायड्रॉलिक’, ‘फिटर’ असे शब्द घालून शोध घेतो आणि ते शब्द ज्यांच्या परिचयात असतील, तेच उमेदवार त्याच्यासमोर येतात. येथे भारदस्त विशेषणांचा उपयोग नसतो. कामाचे नेमके नाव लागते.

नेमकी याच ठिकाणी बहुसंख्य उमेदवारांची गफलत होते. झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्या कोणाचा तरी तयार बायोडाटा असतो, त्यातील नाव व पत्ता तेवढा बदलण्यात येतो. परिणामी पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या उमेदवारांचे जीवितध्येय शब्दशः एकच असल्याचे दिसून येते! ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा’ हे वाक्य खोटे असते असे नव्हे. पण ते शंभर जणांनी लिहिलेले असल्याने वाचणाऱ्यास त्यातून काहीच कळत नाही.

खाणपट्ट्यातील कामगारांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. २०१४ साली न्यायालयाने बंदी उठविली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील टिपरचालक, पोकलेन चालविणारे, कार्यशाळेतील फिटर, मांडवी व जुवारी नद्यांतील बार्जवरचे सारंग आणि खलाशी यांच्यापैकी कित्येकांच्या हाती दहा-पंधरा वर्षांचे कसब होते. कागदावर मात्र दहावी अनुत्तीर्ण एवढीच नोंद होती. असा माणूस परिचय लिहावयास बसला की पहिल्याच ओळीत अडतो. ‘काय लिहू? गाडी चालवत होतो,’ असे तो म्हणतो.

वस्तुतः लिहिण्यासारखे पुष्कळ असते. समजा, एखाद्याने अकरा वर्षे दहा टनी टिपर चालविला. त्याच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे. खाणीतील चढउताराच्या कच्च्या रस्त्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी चिखलातही त्याने भरलेली गाडी जेटीपर्यंत नेली. ब्रेक, टायर व हायड्रॉलिक जॅकची रोजची तपासणी तो स्वतः करी आणि किरकोळ दुरुस्ती गॅरेजमध्ये न जाता उरकी. फेऱ्यांची नोंदवही त्याच्याच हाती होती. हे सारे साध्या सात-आठ वाक्यांत मांडले, तर बांधकाम कंपनी, बंदर, दगडखाण, फार काय मोपा येथील विमानतळाच्या परिसरातील मालवाहतूक, अशा अनेक ठिकाणी ते उपयोगाचे ठरते. बार्जवरील सारंगाने आपल्या दाखल्याची श्रेणी, बार्जची क्षमता आणि किती पावसाळे कोणत्या नदीत काढले, हे लिहावे. ज्यांच्याजवळ दाखला नाही पण हातात काम आहे, अशांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद करण्यात आली. तसे प्रमाणपत्र ज्यांनी मिळविले असेल, त्यांनी त्याचा उल्लेख अवश्य करावा.

मध्यंतरीच्या रिकाम्या वर्षांचे काय, हा प्रश्न बहुतेकांना सतावतो. ती वर्षे झाकण्यासाठी तारखा मागेपुढे ओढण्याचा मोह होतो आणि तेथेच घात होतो. मोठ्या आस्थापना नेमणुकीपूर्वी पूर्वीच्या मालकाकडे चौकशी करतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवरून नोकरीचा काळ उघड होतो. ‘२०१८ मध्ये खाण बंद झाल्याने काम सुटले, त्यानंतर घरची बागायत पाहिली व भाड्याने टेम्पो चालविला,’ असे सरळ वाक्य कोणत्याही व्यवस्थापकास पटते. तीन वर्षांचा अनुभव पाच वर्षांचा करून दाखविणारा उमेदवार पकडला गेला, तर त्याच्या खऱ्या तीन वर्षांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. इंग्रजी बोलता येत नसेल तर ‘इंग्रजी : अस्खलित’ असे लिहिण्यात काय हशील? दूरध्वनीवरील पहिल्या दोन मिनिटांतच ते कळून येते. उलट कोंकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणारा चालक सीमाभागातील वाहतुकीस किती उपयोगी पडतो, हे त्या उमेदवाराच्या लक्षातही आलेले नसते.

गोव्यातील उमेदवारांपुढे आणखी एक अडचण असते, ती नावाची. जुन्या जन्मनोंदवह्यांत पोर्तुगीज वळणाचे रोमी लेखन आहे. तेथे काशीनाथ हे नाव ‘सी’ने सुरू होते आणि नाईक आडनावाचा शेवट ‘क्यू-यू-ई’ने होतो. शाळेच्या दाखल्यात तेच नाव इंग्रजी वळणाने, आधारपत्रावर तिसऱ्याच प्रकारे. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तीन. परिचय तयार करण्यापूर्वी शालान्त प्रमाणपत्र, आधारपत्र व परवाना यांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. तफावत असल्यास ती रीतसर दुरुस्त करून घ्यावी. या कामास कधी काही महिने लागतात, म्हणून ते नोकरीची जाहिरात येण्याआधीच हाती घेणे इष्ट.

कागदपत्रांसाठी केंद्र शासनाची डिजिलॉकर ही सोय २०१५ पासून आहे. तीत संबंधित संस्थेने स्वतः दिलेली गुणपत्रिका वा वाहनपरवाना कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. तथापि परिचय आणि कागदपत्र यांची गल्लत करू नये. परिचय सर्वांनी वाचावयाचा असतो; कागदपत्र मागणी झाल्यावर, खात्री पटल्यावरच दाखवावयाचे असते. आधार क्रमांक, बँक खाते, संपूर्ण पत्ता किंवा गुणपत्रिकेचे छायाचित्र परिचयात मुळीच असू नये. गाव व तालुका पुरेसा होतो. छायाचित्र साधे, चेहरा स्पष्ट दिसणारे असावे. लग्नसमारंभातील गटचित्रातून कापलेले नसावे.

पूर्वीच्या वरिष्ठाने दिलेली शिफारस मोलाची असते. खाण बंद पडली तरी तेथील फोरमन गावातच असतो. त्याला भेटून, त्याची अनुमती घेऊनच त्याचे नाव द्यावे. न विचारता दिलेल्या नावाने फजिती झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

परिचय सर्वांच्या दृष्टीस पडू लागला की फसविणाऱ्यांच्याही तो दृष्टीस पडतो. निवड झाली, आता अनामत भरा, प्रशिक्षणाचे शुल्क पाठवा, असे निरोप येऊ लागतात. तारवटी होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना हा धोका विशेष आहे. सागरी श्रमविषयक २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला असून, त्यानुसार वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदपुस्तक व पारपत्र यांचा खर्च सोडल्यास नेमणुकीसाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. पैसे मागणाऱ्या दलालाचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे की नाही, हे आधी तपासावे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता असते.

शिक्षक व पंचायत कर्मचारी या कामी बरेच साहाय्य करू शकतात. उमेदवाराने तोंडाने सांगावे आणि शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत लिहून द्यावे, ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. शिक्षकाने स्वतःची भाषा त्यात घातली की मुलाखतीत उमेदवार आपलाच परिचय वाचून गोंधळतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अनेकांची नोंदणी दुकानदाराच्या भ्रमणध्वनीवर आणि त्याच्याच ईमेल पत्त्यावर झालेली असते. बोलावणे येते ते दुकानात. उमेदवारास ते कळते महिन्याने, तोवर जागा भरलेली असते. नोंदणी स्वतःच्या क्रमांकावर करावी, परवलीचा शब्द स्वतःजवळ ठेवावा आणि क्रमांक बदलल्यास परिचयातही त्याच दिवशी बदलावा. राष्ट्रीय करिअर सेवेविषयी काही शंका असल्यास १५१४ या क्रमांकावर विचारणा करता येते.